खाकी कागदाखालचं साल

अकोल्याला जाऊन आले म्हटल्यावर पुण्यात लोक दोनच प्रश्न विचारतात. "तिकडे कोण आहे तुमचं?" आणि "ऊन किती होतं?" तिकडे माझं कोणी नव्हतं, आणि डिसेंबर असल्यामुळे ऊन बेताचंच होतं. मी गेले होते एका रेकॉर्डचं साल सांगायला. एवढ्यासाठी कोणी अकोल्याला जातं का, असा तिसरा प्रश्न चेहऱ्यावर उमटतो, पण शिष्टाचार म्हणून कोणी विचारत नाही. म्हणून आपणहूनच लिहिते आहे.

तीस वर्षं मी ग्रंथपालाची नोकरी केली. पुस्तकाची आवृत्ती कितवी हे बघायची सवय हाताला लागली होती, ती निवृत्तीनंतर रेकॉर्डना चिकटली. त्यातही सोल संगीताच्या. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चच्या भजनांतून निघून बाजारात आणि संसारात शिरलेलं गाणं. या रेकॉर्ड जमवणारे लोक भारतभर आहेत. त्यांना एकच धास्ती असते, की आपल्या हातात आहे ती पहिली छपाई, का रीइश्यू? रीइश्यू म्हणजे तीच गाणी पुढे कधीतरी नव्याने छापून काढलेली. कव्हर तेच, फोटो तोच, मागे छापलेलं सालसुद्धा जुनंच. इथेच लोक फसतात. कव्हरवरचं साल गाण्याचं असतं, तबकडीचं नसतं. तबकडीचं वजन, मधल्या कागदी लेबलभोवतीचं वळं, गाणं संपल्यावर उरलेल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेले आकडे, यांवरून मी साल काढून देते. "कव्हर बघूच नका, तबकडी बघा," हे माझं पेटंट वाक्य. मुलगी मला रेकॉर्डची जोशीण म्हणते.

हमीदभाईंचा फोन आला तो दिवाळीनंतर. अकोल्यात त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. भाच्याने माझा नंबर दिला होता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, फोटो पाठवा.

"फोटोत नाही होत, ताई. तुमी हातात घेऊन सांगा. मले किंमत नाही पाह्यजे, विकायची नाही हाय. मले साल पाह्यजे फक्त."

असलं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. पण खरं सांगते, मी त्यासाठी निघाले नाही. बोलता बोलता ते म्हणाले, की ही रेकॉर्ड अमरावतीच्या एका लाउडस्पीकरवाल्याकडून आली आणि त्याच्याकडे पेटीभर इंग्रजी रेकॉर्ड अजून पडून आहेत. ते ऐकलं आणि मी तिकीट काढलं.

अकोला, मंगळवार

स्टेशनवरून रिक्षाने मोर्णा नदीचा पूल ओलांडला. नदी म्हणायची ती रीतीने. जलपर्णीखाली पाणी शोधावं लागत होतं. ही नदी पुढे माझ्या गोष्टीत येणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून मी नाकाला पदर लावून पुढे गेले.

हमीदभाईंचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. खळीचा वास, शिकंज्यात आवळलेली कोर्टाची रजिस्टरं, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. माणूस सदुसष्ट वर्षांचा, किडकिडीत, बोटांची टोकं खळीने कायमची पांढरी झालेली. आधी चहा, मग घरून आलेली तहरी. मसालेभात म्हणून मी तिच्याकडे पाहत होते, पण आमच्या मसालेभातात असतं ते साखरेचं बोट तिला लागलेलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. ते माझं जेवण संपेपर्यंत रेकॉर्डचा विषयच काढत नव्हते. पाहुण्याला पोटभर खाऊ घालायचं आणि मगच कामाचं बोलायचं, ही तिकडची पद्धत. पुण्यात आपण उलट करतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्या भागापर्यंत पोचतच नाही.

मग त्यांनी कपाटातून रेकॉर्ड काढली. कव्हर दिसतच नव्हतं. शाळेच्या वहीला घालावा तसा खाकी कागद नीट घड्या पाडून घातलेला, त्यावर वहीची असते तशी नावाची चिठ्ठी. चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलेलं: "तेस्फाये. १९७४."

"कागद सोडवू का?" त्यांनी विचारलं.

"गरज नाही," मी ऐटीत म्हणाले. "मी तबकडी बघते."

तबकडी जाड आणि जड होती. लेबलभोवती खोल वळं होतं. लेबलावर लाल रंगाने ४७ असा आकडा रंगवलेला, पण असलं काहीबाही लोक लिहितातच. मी भिंग काढून कोरलेले आकडे वाचले, वहीतल्या यादीशी ताडले. शंकाच नव्हती. पहिली छपाई. ही भारतात सापडणं म्हणजे नशीब.

"अभिनंदन हमीदभाई! एकदम ओरिजिनल. रीइश्यू अजिबात नाही."

हे वाक्य मी कित्येक जणांना सांगितलं आहे. लोक हसतात, फोटो काढतात, एकाने तर मला पेढे पाठवले होते. हमीदभाईंनी रेकॉर्ड माझ्या हातातून घेतली, पिशवीत सरकवली आणि शिकंज्याचा दांडा उगाचच पुसत बसले.

"म्हणजे जुनीच हाय," ते म्हणाले.

"जुनीच."

"मागून आलेली नाही."

"नाही. का हो?"

मग त्यांनी सांगितलं. तेस्फाये इथिओपियाचा. कृषी विद्यापीठात शिकायला आलेला, यांच्या माडीवर भाड्याने राहायचा. हमीदभाई तेव्हा सोळा वर्षांचे. त्याच्याकडे दहाबारा रेकॉर्ड होत्या. त्यातली ही एक, डोळे मिटून गाणाऱ्या माणसाचा फोटो असलेली, दोघांची लाडकी. इंग्रजी शब्द कळत नसत, पण हमीदभाई सगळी गाणी तोंडपाठ म्हणत. "तेस्फाये म्हणे, मी घरी गेल्यावर तुले अशीच एक धाडीन. ही माही हाय, तुही वेगळी."

हमीदभाईंचे वडील उर्दू शाळेत मास्तर होते. त्यांचं हातातलं घड्याळ एक दिवस चोरीला गेलं. घरात परका माणूस एकच. मास्तरांनी त्याला खोली रिकामी करायला सांगितलं.

"घड्याळ मीच नेलं होतं, ताई. अब्बा झोपले असता हातात घालून मोर्णेवर पोहाले गेलो अन् पाण्यात पडलं. तेस्फाये संगं होता. त्याच्या डोळ्यांदेखत पडलं. त्याले सारं माहीत होतं. थो अब्बाले एक शब्द नाही बोलला. मायाकडे पाहे, का हा पोट्टा आता बोलन, मंग बोलन. मी नाही बोललो."

तेस्फाये आठवड्याभरात गेला. भाड्याच्या पैशांसाठी सगळ्या रेकॉर्ड अमरावतीच्या साहेबराव लाउडस्पीकरवाल्याला विकून गेला. त्याच्या देशात तेव्हा राज्य उलथलं होतं. तो पोचला की नाही, जगला की नाही, काही कळलं नाही. पुढे वडील वारले, तेव्हा साहेबराव भेटायला आले आणि "तुमच्या घरची हाय" म्हणून ही रेकॉर्ड ठेवून गेले.

"मले वाटे, न जाणो, मागून धाडली असन. अब्बाच्या हाती पडली असन, त्यायनं साहेबरावले देल्ली असन. धाडली असन तं त्यानं मले माफ केलं. अन् जुनीच असन तं..." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "जाऊ द्या. तुमी सांगतलं ना. आता डोक्याले ताप नाही."

मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. माणसाला काय हवं आहे हे न विचारता मी त्याचं अभिनंदन करून मोकळी झाले होते.

अमरावती, बुधवार

एसटीने मूर्तिजापूरवरून गेले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणी चाललेली कपाशी, फुलोऱ्यातली तूर. कापसाच्या गाड्या जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकलेला होता. बसमध्ये शेजारच्या बाईने न विचारता माझ्या ओंजळीत संत्री ओतली आणि मोर्शीची आहेत हे तीनदा सांगितलं. सोलताना लक्षात आलं, की माझं भिंग हमीदभाईंच्या दुकानात राहिलं. ज्याच्या जोरावर आपण पंडित म्हणून फिरतो तेच विसरायचं, असा तो एकंदर प्रवास होता.

अमरावतीत उतरून आधी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला असूनही तो तोंडात आग लावतो. डोळे पुसत पुसत परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या, आत साहेबरावांचं घर शोधलं. ते घरी नव्हते. "मामंजी मोझरीले गेले, आश्रमात. दोन दिवस तिकडंच राह्यतीन," त्यांच्या सूनबाई सुनंदाताई म्हणाल्या. पण पेटी बघायला त्यांनी हरकत घेतली नाही.

लाउडस्पीकरच्या धंद्याची एक रीत मला तिथे कळली. लग्नघरचे लोक गाणी ठरवायला येत, तेव्हा त्यांना चित्रं दिसावीत म्हणून कव्हरं भिंतीवर तारेला चिमट्यांनी टांगलेली असायची. तबकड्या मात्र आत पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या पिशव्यांत. प्रत्येक लेबलावर लाल रंगाने आकडा. मंडपात धुळीत कव्हर न्यायचंच नाही. थोडक्यात, कव्हर आणि तबकडी एकदा घरात आली, की पुन्हा एकत्र येतील याची खात्री नाही. धंदा बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी तार तशीच होती.

पेटीत खरंच तीन-चार चांगल्या रेकॉर्ड होत्या. ज्यांच्यासाठी आले त्या हातात धरून मी बसले आणि मला काही वाटेना. मग एक पिशवी उचलली ती हलकी लागली. लेबलावर लाल ७१. गायक तोच, गाणी तीच. हमीदभाईंच्या रेकॉर्डची दुसरी प्रत!

तबकडी पातळ होती. दोन्ही हातांत धरली तर वाकत होती. लेबलाच्या कडेला बारीक अक्षरांत दुसऱ्याच मालक कंपनीचं नाव होतं, ज्या कंपनीने मूळची रेकॉर्ड कंपनी पुढे विकत घेतली. भिंग नव्हतं म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा केला आणि आकडे वाचले. हा रीइश्यू होता. ऐंशीच्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. तेस्फाये गेल्यानंतर निदान पाच-सहा वर्षांनी छापलेला.

मी भिंतीकडे पाहिलं. तारेला, डोळे मिटून गाणाऱ्या त्या माणसाचं कव्हर होतं. एकच. उन्हाने उडालेलं, जाड पुठ्ठ्याचं, पहिल्या छपाईचं. म्हणजे तबकडी नवी होती आणि कव्हर जुनं. मग नवं कव्हर कुठे गेलं?

खाकी कागदात. "कागद सोडवू का?" असं त्या माणसाने मला विचारलं होतं.

गुरुकुंज मोझरी, गुरुवार

एक गोष्ट मात्र अजून कळायची होती. ती पातळ तबकडी अमरावतीच्या पेटीत आली कुठून, हे साहेबरावांनाच विचारायला हवं होतं. सुनंदाताईंना विचारून ती सोबत घेतली आणि सकाळच्या बसने मोझरी गाठली.

संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत ते कोणाशी बोलत नाहीत, असं आश्रमात कळलं. दिवसभर झाडाखाली बसून राहिले. दुपारी पंगतीत साधं वरण, भात, भाकरी मिळाली. प्रार्थनेला माणसं आपापल्या जागी मुकाट येऊन बसली. आमच्याकडे आरतीला मागून ढकलत पुढे जायची रीत आहे. इथे मागचा मागेच बसत होता. प्रार्थनेतल्या शांततेत मी हमीदभाईंचाच विचार करत होते. नंतर खंजिरीवर भजन झालं. दूर देशातल्या कुणा काळ्या माणसाचं चर्चमधलं गाणं आणि हे, यांच्यात मला त्या वेळी फारसा फरक वाटला नाही.

साहेबराव ब्याऐंशी वर्षांचे, कानाने पक्के. मी पिशवीतून तबकडी काढल्याबरोबर त्यांनी लेबलावरून ओळखली.

"ही तं अकोल्याच्या मास्तराची हाय. म्या तं पोचवून देल्ली होती," ते म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "तुमी कावून विचारून राहिल्या?"

मी सगळं सांगितलं.

"मास्तर एसटीनं आले होते. बगलेत पुडकं, त्यावर बाहेरदेशची टपालतिकिटं. म्हणे, साहेबराव, माह्याच्यानं हे घरात ठेवल्या जात नाही. फेकल्याही जात नाही. तुह्यापाशी राहू दे, अन् पोराले सांगू नको. मी जुबान देल्ली."

"चिठ्ठी होती का आत?"

"म्या नाही पुसलं. मास्तराच्या डोळ्यात पाणी होतं, बाई. अशा माणसाले काय पुसता?"

मास्तर वारल्यावर ठेव परत करायची म्हणून साहेबरावांनी तारेवरून कव्हर काढलं, पेटीतून तबकडी काढली आणि अकोल्याला पोचवली. तेस्फायेने विकलेली आणि मास्तरांनी ठेवलेली अशा त्या गायकाच्या दोन तबकड्या आपल्याकडे होत्या आणि आपण त्यांची अदलाबदल केली, हे त्यांना आज माझ्याकडूनच कळलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, चित्रं सारखीच होती. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मी हे हमीदभाईंना सांगू?" मी विचारलं.

"मास्तराची जुबान हाय. मास्तर गेले म्हणून थे थोडीच गेली? मी नाही सांगणार, अन् तुमीही मास्तराचं नाव घ्यायचं नाही." मग त्यांनी ती तबकडी माझ्या मांडीवर ठेवली. "पण ही घेऊन जा. ज्याची त्याले देऊन टाका. रेकॉर्डच सांगत असन तं सांगू द्या तिले."

किती देऊ, असं मी विचारलं. ते रागावले. ज्याची त्याला द्यायला पैसे कसले, म्हणाले.

अकोला, शुक्रवार

जुम्म्याची नमाज आटोपून हमीदभाईंनी नुकतंच दुकान उघडलं होतं. माझं भिंग समोरच, त्या रेकॉर्डवर ठेवलेलं होतं.

"तीन दिवस पाहून राहिलो तुमच्या भिंगातून," ते म्हणाले. "मले काही दिसलं नाही."

"हमीदभाई, माझी चूक झाली. मी कव्हर बघितलं नाही. कागद सोडवा."

त्यांनी हाडाच्या पट्टीने खळ उकलली. इतक्या वर्षांचा कागद, पण घडीवर कुठे फाटू दिला नाही. कव्हर उलटं केलं. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, उभ्या काळ्या रेघांचा चौकोन होता.

"हे काय आहे?"

"हे तं बिस्किटाच्या पुड्यावरही राह्यते. दुकानात टिक करतात थे."

"बारकोड. तेस्फाये इथे होता तेव्हा कुठल्याच रेकॉर्डवर तो नसायचा. पाच-सहा वर्षांनी यायला लागला. हे कव्हर तो गेल्यानंतरचं आहे. आणि याची तबकडी ही." मी पिशवीतून पातळ तबकडी काढून त्यांच्या हातात दिली. "तुमच्याकडे होती ती त्याची जुनी, त्याने विकलेली. अमरावतीत अदलाबदल झाली. ही मागून आलेली आहे."

मी एवढंच बोलले. मास्तरांचं नाव काढलं नाही. हमीदभाईंनी त्या काळ्या रेघांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"मीच कागद घातला होता यावर," ते म्हणाले. "मायाच हातानं."

मान खाली घालून ते रडत होते. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"म्हणजे थो जगला. पाच-सहा वर्षं तरी जगला."

"हो."

"अन् ही टपालानं आली असन तं अब्बाच्याच हाती आली असन." मी रिकामी पिशवी घडी घालत राहिले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. जरा वेळाने स्वतःशीच म्हणाले, "मंग अब्बालेही समजलं होतं, का थो चोर नव्हता. आमी दोघंही एकाच घरात गप बसलो, ताई."

माझी गाडी संध्याकाळची होती. त्यांनी जुनी जाड तबकडी वर्तमानपत्रात बांधून माझ्यापुढे सरकवली. तुम्ही जमवता, तुम्हीच ठेवा, म्हणाले. बाजारात तिची किंमत काय आहे हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ऐकून त्यांनी विचारलं, "अन् या मागून आलेलीले?"

"हिला आमच्यात कोणी विचारत नाही."

"बरं हाय," ते म्हणाले. जाड तबकडी मी घेतली नाही. ती साहेबरावांच्या तारेवरच्या कव्हराची आहे, तिथेच पोचवा, असं सांगितलं. भाचा रविवारी अमरावतीला जाणार होता.

त्यांनी ताज्या खाकी कागदाचा ताव काढला, कव्हरावर धरून मापला, हाडाच्या पट्टीने घड्या पाडल्या. पन्नास वर्षांचा हात, एकही घडी दुसऱ्यांदा पाडावी लागली नाही. मग वहीच्या नावाची कोरी चिठ्ठी चिकटवली आणि पेन हातात घेऊन मला विचारलं, "साल कोणतं लिहू?"

"नक्की नाही सांगता येणार. ऐंशीच्या आसपासचं किंवा पुढचं, एवढंच."

"मंग साल राहू द्या."

मी इतक्या लांब साल सांगायला आले होते, आणि चिठ्ठीवर साल आलंच नाही. जुन्या चिठ्ठीवर तेस्फायेचं नाव होतं, कारण रेकॉर्ड त्याची होती. हमीदभाईंनी नव्या चिठ्ठीवर सावकाश, शाळेतल्या पोरासारखं वळण देत, स्वतःचं नाव लिहिलं.